बंद कारखान्याच्या जमिनीची झडती

कारखाना बंद पडून वीस-पंचवीस वर्षे लोटली, धुराडे गंजून खाली आले, यंत्रसामग्री लिलावात गेली आणि आवारात वेड्या बाभळी माजल्या. मग तेथील मातीची आणि शेजारच्या विहिरींची धास्ती आता कोणी व कशासाठी बाळगावी, हा प्रश्न कोणाही सुबुद्ध माणसाच्या मनात उभा राहतो. चूल विझली की धूर थांबतो, हा आपला नित्याचा अनुभव; आणि त्याच न्यायाने कारखान्याचे दार बंद झाले की प्रदूषणाचेही दार बंद झाले, अशी आपली समजूत होऊन बसते. ती खरी असती, तर हे प्रकरण लिहिण्याची गरज पडली नसती.

परभणी हा कापूस, ज्वारी आणि सोयाबीन यांचा जिल्हा. प्रचंड रासायनिक कारखान्यांचा नव्हे. तथापि येथील काळी माती, तिच्याखालचा मुरूम आणि त्याखालचा खडक हा या विषयाचा उत्तम धडा आहे, म्हणून भूमी समजून घेण्यासाठी आपण परभणीत राहू. आणि प्रत्यक्ष झडती पाहण्यासाठी भोपाळला जाऊ. अंतर वाटते तेवढे परके नाही. नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीवरून भोपाळला जाते. शिवाय भोपाळच्या त्या जमिनीची परीक्षा ज्या संस्थांनी केली, त्यांतील एक प्रमुख संस्था आपल्या नागपूरची आहे.

१. कुलूप लागले, म्हणजे काय झाले?

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्याचे नाव निघाले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्यामधली रात्र आठवते. त्या रात्री टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. परंतु वायू हवेत विरतो. आपल्याला ज्याची झडती घ्यावयाची आहे, तो मामला त्या रात्रीच्या पंधरा वर्षे आधीच सुरू झालेला होता. १९६९ पासून या कारखान्यात कीटकनाशके तयार होत होती. त्यांतील सेविन हे नाव कपाशी पिकवणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना अपरिचित नसावे. उत्पादनातून उरलेला गाळ, बिघडलेला माल आणि वापरून झालेली द्रावके यांची विल्हेवाट आवारातीलच खड्ड्यांत लागत असे. १९७७ च्या सुमारास कारखान्याच्या उत्तरेस सांडपाणी उन्हाने आटवण्यासाठी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली विस्तीर्ण तळी बांधण्यात आली आणि १९८२ मध्ये, म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षे आधी, त्या तळ्यांना गळती लागल्याचे कंपनीच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात नमूद आहे.

अशा जमिनीत उरलेल्या द्रव्यांच्या वृत्ती एकसारख्या नसतात, आणि हा भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. सेविनमधील कार्बारिल हे द्रव्य ओलाव्यात तुलनेने लवकर विघटन पावते. मात्र ते नाहीसे होते असे नव्हे, त्याचे नॅफ्थॉल नावाचे दुसरे द्रव्य होते. आपल्याकडे शेतकरी जिला बीएचसीची पावडर म्हणत, त्या एचसीएचची गोष्ट निराळी. तिच्या कारखानदारी मालात किडीला मारणारा गॅमा हा घटक जेमतेम १० ते १५ टक्के असे. उरलेले भाऊबंद निरुपयोगी, पण चिवट, आणि मातीत दशकेच्या दशके टिकणारे. भारतात एचसीएचवर १९९७ मध्ये बंदी आली. परंतु बंदी ही विक्रीवर येते, जमिनीत पुरलेल्या मालावर नव्हे. तिसरी जात पाऱ्याची. पारा हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन व्हावयाचेच नाही. तो जागा बदलील, रूप बदलील, पण कमी होणार नाही.

२. आधी दप्तर, मग पहार

जमिनीची परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम बोअरचे यंत्र उभे राहते. वस्तुतः तज्ज्ञ मनुष्य पहिले कित्येक दिवस पहारीला हातही लावीत नाही. तो दप्तर मागतो. कारखान्यात कोणता कच्चा माल किती आला, त्यातून पक्का माल किती बाहेर गेला आणि मधली तूट कोठे गेली, हा हिशेब त्याला प्रथम पाहिजे असतो. समजा, एका कारखान्याने वर्षभरात १०० टन द्रावक विकत घेतले. ७० टन मालात खपल्याची नोंद आहे आणि १० टन शुद्ध करून पुन्हा वापरल्याची. उरलेल्या २० टनांचा जाबजबाब कोणीतरी दिलाच पाहिजे. ते हवेत गेले असेल, नाल्यात गेले असेल, नाही तर जमिनीत. शेकडो बोअर घेऊनही हाती न येणारी गोष्ट कधी कधी ही एक वजाबाकी सांगून जाते.

त्यानंतर जुने नकाशे, बांधकामाचे परवाने, सातबाऱ्याचे उतारे आणि फेरफार यांची पाळी येते. अमेरिकेत नायगारा फॉल्स येथे लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट राहिलेला कालवा होता. हूकर नावाच्या रासायनिक कंपनीने त्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन अवघ्या एका डॉलरला शाळामंडळाच्या हवाली केली. जमिनीत रासायनिक टाकाऊ माल पुरल्याचा उल्लेख खरेदीखतातच होता. तरीही तेथे शाळा उभी राहिली, घरे उठली, आणि पंचवीस वर्षांनी, १९७८ मध्ये, सरकारला आणीबाणी पुकारून वस्ती हलवावी लागली. कागद बोलत होता. तो वाचण्याची कोणाला निकड भासली नाही, एवढेच.

कागदाइतकीच, आणि पुष्कळदा कागदाहूनही अधिक, मोलाची असते ती जुन्या कामगारांची जबानी. रात्रपाळीत ड्रम कोठे रिकामे होत, पावसाळ्यात कोणत्या भिंतीखालून रंगीत पाणी बाहेर पडे, कोणत्या जागी गवत उगवत नसे, ही हकीकत कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. जबानीची शहानिशा करावी लागते हे खरे; पण ती न घेताच केलेली तपासणी म्हणजे साक्षीदार हजर असताना त्याला न विचारता चालवलेला खटला होय.

३. काळ्या मातीखालची वाट

आता आपण परभणीच्या भूमीवर येऊ. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची गाळाची जमीन सोडली, तर या जिल्ह्याचा पाया बहुतांश बेसाल्टचा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून निवाल्याने झालेल्या काळ्या खडकाचा आहे. विहीर खणणाऱ्याला हे थर पाठ असतात: वर काळी माती, मग मुरूम, मग कोठे सच्छिद्र मांजऱ्या दगड, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा अखंड काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये अधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. म्हणूनच एका शेतातल्या विहिरीला चैत्रातही पाणी असते आणि बांधापलीकडच्या शेतात दोनशे फूट बोअर घेऊनही धूळ निघते.

विषाचीही वाट हीच. काळी माती चिकण असल्यामुळे ती ओली असता पाणी फारसे खाली जाऊ देत नाही, आणि त्यामुळे चिकण मातीचा जाड थर म्हणजे भूजलाचे कवच, असे विधान तपासणीच्या अहवालांतून वारंवार केले जाते. पण आपल्या शेतकऱ्याला या मातीचा दुसरा स्वभावही ठाऊक आहे. ती उन्हाळ्यात आक्रसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा तिला पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट मुरमापर्यंत उतरतो, आणि माती फुगून भेगा मिटेपर्यंत जे काही खाली जायचे ते गेलेले असते. प्रयोगशाळेत ओल्या मातीच्या गोळ्यावर काढलेला पाझराचा आकडा या एका पावसाचा हिशेब धरीत नाही. चिकण मातीवर जितका इतबार टाकावा असे पुस्तके सांगतात, तितका मी टाकणार नाही, याचे कारण हेच.

द्रव्यांतही भेद आहे. पाण्यात विरघळणारे द्रव्य पाण्याबरोबर जाते, हे उघड होय. परंतु कार्बन टेट्राक्लोराइडसारखी द्रावके पाण्यात फारशी मिसळत नाहीत आणि वजनाने पाण्याच्या दीडपटीहून अधिक भरतात. असे द्रावक भूजलाच्या पातळीशी पोहोचल्यावर तेथे थांबत नाही. पाणी बाजूला सारून ते तळाशी जाते, अखंड पाषाणावर टेकते आणि मग त्या पाषाणाचा उतार ज्या दिशेला असेल तिकडे सरकते. पाणी दक्षिणेला आणि द्रावक उत्तरेला, असेही घडू शकते. वरच्या थरात घेतलेला पाण्याचा नमुना निर्मळ निघतो आणि विष त्याच्या खाली निवांत पडलेले असते.

यावरून शोधकावरच एक जबाबदारी येते. वरचा दूषित थर आणि खालचे स्वच्छ पाणी यांच्या मध्ये जो अखंड पाषाण आहे, त्याला बेफिकिरीने आरपार भोक पाडले आणि केसिंग पाइपभोवतीची जागा नीट बंद केली नाही, तर विषाला आजवर न मिळालेला रस्ता तपासणीच मिळवून देते.

४. तीन विहिरींचे गणित

पाणी कोणत्या दिशेने वाहते, हे जमिनीच्या पोटात डोकावल्याशिवायही कळते. त्याला तीन विहिरी आणि थोडे अंकगणित पुरे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कारखान्याच्या उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला एकेक विहीर आहे. उत्तरेच्या विहिरीचा काठ समुद्रसपाटीपासून ४१२ मीटर उंच आणि पाणी काठाखाली ९ मीटर. म्हणजे पाण्याची पातळी ४०३. पूर्वेचा काठ ४०८ आणि पाणी ६ मीटर खोल, पातळी ४०२. दक्षिणेचा काठ ४१३ आणि पाणी १२ मीटर खोल, पातळी ४०१.

जमिनीचा उतार पाहणारा मनुष्य म्हणेल की पूर्वेचा काठ सर्वांत खाली, तेव्हा भीती असेल तर पूर्वेच्या विहिरीला. पण भूजल काठाकडे पाहून वाहत नाही, ते पाण्याच्या पातळीकडे पाहून वाहते. उत्तर आणि दक्षिण या विहिरींच्या बरोबर मध्यावर पातळी ४०२ धरता येईल, आणि पूर्वेच्या विहिरीचीही पातळी तीच. हे दोन बिंदू जोडणारी रेघ म्हणजे समान पातळीची रेघ, आणि पाणी तिला काटकोन करून, उतरत्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडे जाते. ज्या विहिरीचा काठ सर्वांत उंच, तीच येथे सर्वांत धोक्यात आहे.

हे गणित कायमचे नव्हे. दक्षिणेचा मनुष्य उसासाठी दिवसरात्र मोटार चालवू लागला तर ओढ वाढते. पूर्वेला दोन नवी बोअर झाली तर दिशाच वळते. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ती याचसाठी. मे महिन्यातली दिशा ऑक्टोबरात टिकलीच असेल, असे गृहीत धरून चालत नाही.

५. शितावरून भाताची परीक्षा

नमुना किती आणि कोठे घ्यावा, या प्रश्नावर तपासणीचे सारे यशापयश अवलंबून आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळू.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातले पाणी सगळीकडे सारखे उकळलेले असते आणि एक शीत शिजले असेल तर शेजारचे कच्चे राहण्याचे कारण नसते. कारखान्याची जमीन अशी कधीच शिजलेली नसते. एका खड्ड्यात विषाचा गाळ ओतलेला असतो आणि त्यापासून चार पावलांवरची माती निर्मळ असते. येथे एका शितावरून भात ठरवला, तर निकाल शितावर नव्हे, हात कोठे पडला यावर लागतो.

आपल्या शेतकऱ्याची येथे एका चांगल्या सवयीनेच फसगत होण्याचा संभव आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा अन्यत्र माती तपासायला देताना त्याला शिकवलेले असते की शेतात नागमोडी चालत जागोजागची माती घ्यावी, ती एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावे, आणि असे करीत अर्धा किलो माती उरली की पिशवीत भरावी. खताची मात्रा ठरवण्यासाठी ही पद्धत उत्तम, कारण तेथे साऱ्या शेताची सरासरीच हवी असते. विष शोधताना सरासरी ही शत्रू ठरते. समजा, आठ ठिकाणची माती घेतली. सात ठिकाणी काही नाही आणि आठव्या ठिकाणी एका किलोत ८०० मिलिग्रॅम विष आहे. आठही एकत्र केल्यावर निकाल येतो किलोमागे १०० मिलिग्रॅम. मर्यादा २०० ची असेल, तर जमीन निर्दोष सुटते, आणि ज्या जागी मुले खेळत असतील ती आठवी जागा अहवालात कोठेच दिसत नाही.

मग जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत बोअर घ्यावा काय? घेतात, पण त्याचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. भोपाळच्या कारखान्याचे आवार सुमारे ६७ एकर, म्हणजे २७ हेक्टर. दर ५० मीटरला एक बोअर घ्यायचे ठरवले, तर १०८ बोअर होतात. खर्च आणि मुदत दोन्ही मोठी. आता आवारात कोठेतरी १० मीटर व्यासाचा पुरलेला खड्डा आहे असे समजा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर, आणि एका चौकटीचे २,५०० चौरस मीटर. म्हणजे एवढा खटाटोप करूनही तो खड्डा सापडण्याचा संभव शंभरांत तीन. सत्त्याण्णव वेळा अहवाल लिहील की काही आढळले नाही.

दुसऱ्या भागात दप्तर आणि जबानी यांची एवढी थोरवी गायली, ती याकरिताच. जुना कामगार बोट दाखवून म्हणतो, ‘त्या टाकीच्या मागे,’ आणि १०८ बोअरांचे काम सहा बोअरांत होते. दुसरे साह्य जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजणाऱ्या यंत्राचे. पाण्याची जागा पाहण्यासाठी ही यंत्रे आपल्या खेड्यांतून हल्ली सर्रास फिरतात, पायाळू माणसाच्या हातातल्या नारळाबरोबर त्यांचीही वर्दी लागते. ओली, क्षारयुक्त, उकरून पुन्हा भरलेली माती मूळच्या मातीहून विजेला निराळी वागणूक देते, त्यावरून पुरलेला खड्डा अजमावता येतो. भोपाळला हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने केले.

६. बाटलीपासून अहवालापर्यंत

नमुना घेतल्यावर तो प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बिघडण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी काचेची बाटली काठोकाठ भरावी लागते. वर बुडबुडाभर हवा राहिली तरी द्रावक पाण्यातून निघून त्या हवेत जाते. बाटली बर्फात ठेवून न्यायची, तिला सील लावायचे, आणि ती कोणी कोणाच्या हाती केव्हा दिली याची सहीनिशी नोंद ठेवायची. नाही तर पुढे न्यायालयात त्या बाटलीला कवडीची किंमत राहत नाही. बोअरमध्ये साचून राहिलेले शिळे पाणी उपसून टाकल्यावरच नमुना घेतात. याशिवाय निव्वळ शुद्ध पाण्याची एक बाटली सर्व प्रवास करून प्रयोगशाळेत जाते. तिच्यातही विष निघाले, तर दोष विहिरीचा नसून हाताळणीचा आहे, हे कळते.

प्रयोगशाळा मागितले तेवढेच शोधते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साध्या पाणीपरीक्षेत क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू पाहतात; ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म असू शकतो, कारण त्याला कोणी हाकच मारलेली नसते. कार्बारिल शोधले आणि सापडले नाही, पण त्यापासून झालेले नॅफ्थॉल शोधलेच नाही, तर तपास अपुरा. दप्तरातली कच्च्या मालाची यादी येथे पुन्हा कामी येते.

मात्रा किती सूक्ष्म असतात, याचा अंदाज यावा म्हणून एक गणित करू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा एका लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम पारा दहा लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेतो. दहा मीटर व्यासाच्या विहिरीत पावणेतेरा मीटर पाणी असेल, तर ते सुमारे दहा लाख लिटर भरते. आणि एक ग्रॅम पारा म्हणजे पाच मिलिमीटर व्यासाचा एक थेंब. धातुरूप पारा पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे थेंब पडला की विहीर गेली असे कोणी समजू नये. परंतु हाताला, डोळ्याला आणि जिभेला न कळणाऱ्या गोष्टीची ही मोजणी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

२००९ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी भोपाळच्या आवारातील कचरा मुठीत उचलून दाखवला आणि आपल्याला काही झाले नाही असे सांगितले. क्षणभर हातात धरल्याने जे होत नाही, ते वीस वर्षे रोज दोन-तीन लिटर प्यायल्याने होते की नाही, हा येथला प्रश्न. आणि त्याचे उत्तर मुठीतून मिळत नाही.

७. एक जमीन, अनेक अहवाल

भोपाळच्या या जमिनीची परीक्षा एकदाच झाली असे नाही. कंपनीनेच १९८९ मध्ये आवारातील माती व पाणी यांची अंतर्गत चाचणी केली. काही नमुन्यांत सोडलेले मासे एकूण एक मेल्याची तीत नोंद झाली, आणि तो कागद पुष्कळ काळ बाहेर आला नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९९० च्या दशकात अभ्यास केले. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि १९७४ मध्ये आजचे नाव धारण केलेली ही संस्था देशातील या विषयाची आद्य संस्था होय. १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली. पुढच्याच वर्षी ग्रीनपीसने घेतलेल्या नमुन्यांत पारा, एचसीएच, क्लोरीनयुक्त बेंझिने आणि द्रावके निघाली. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने कारखान्यापासून तीन किलोमीटरपर्यंतच्या भूजलात कारखान्याशी नाते सांगणारी द्रव्ये आढळल्याचे जाहीर केले.

२०१० मध्ये नीरी आणि हैदराबादची संस्था यांनी मिळून जो सविस्तर अहवाल दिला, त्यात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन आहे. त्याच अहवालाचे म्हणणे मात्र असे की चिकण मातीच्या थरांमुळे आवारातून भूजलाकडे सर्वसाधारण पाझर झालेला नाही, आणि मोजक्या विहिरींत जो दोष दिसतो तो पृष्ठभागावरून वाहून आलेल्या पाण्याचा असावा. यावर अन्य तज्ज्ञांनी हरकत घेतली. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीतही भोवतालच्या वस्त्यांच्या भूजलात दूषितता आढळली.

वाचकाला वाटेल, एवढे विद्वान आणि एवढी यंत्रे असता निकाल एक का येत नाही? यात कोणाला लबाड ठरवण्याची आवश्यकता नाही. कोणी आवारात नमुना घेतला, कोणी वस्तीत. कोणी उन्हाळ्यात, कोणी पावसाळ्यानंतर. कोणी हातपंपाचे वरचे पाणी घेतले, कोणी खोल विंधन विहिरीचे. कोणी कीटकनाशक शोधले, कोणी द्रावक. तिसऱ्या भागातला चिकण मातीचा वाद येथे प्रत्यक्ष उभा राहतो. मला स्वतःला पाण्याचा पुरावा मातीच्या अनुमानाहून वजनदार वाटतो: कवच अभेद्य आहे असे गणित सांगत असेल आणि कवचापलीकडच्या हातपंपात कारखान्यातलेच द्रव्य निघत असेल, तर चूक गणितात शोधावी, हातपंपात नव्हे. शिवाय ज्याच्या घागरीत ते पाणी येते, त्याला ते भेगेतून आले की ओघळीतून, याने काय फरक पडतो? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच या वस्त्यांना नळाचे स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला होता. शास्त्रज्ञांचे एकमत होईपर्यंत थांबण्याचे कारण न्यायालयाला दिसले नाही, आणि ते योग्यच झाले.

धोका ठरण्यासाठी तीन गोष्टींची साखळी पूर्ण व्हावी लागते: विषाचे मूळ, त्याच्या प्रवासाची वाट, आणि वाटेच्या शेवटी माणूस, जनावर किंवा पीक. यांतला एक दुवा तोडला तरी तूर्त संकट टळते. नळाचे पाणी आणून शेवटचा दुवा सुटतो. मूळ मात्र जागच्या जागी राहते.

८. मोजून झाल्यावर

मूळ काढण्याचे उपाय येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. दूषित माती उकरून अभेद्य अस्तराच्या खड्ड्यात बंद करतात, उष्णतेने भाजतात, क्वचित जंतूंकडून खाववतात. भूजल वर्षानुवर्षे उपसून गाळतात. बेसाल्टच्या भेगांतून विष परत काढणे हे यांतले सर्वांत जिकिरीचे काम, आणि पुष्कळदा ते पूर्णपणे साधत नाही.

भोपाळचा हिशेब आजच्या घडीला असा आहे. २००५ मध्ये आवारातला उघड्यावरचा विषारी कचरा गोळा करून गोदामात भरला गेला. त्यातला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून पीथमपूरला निघाला आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर तेथील भट्टीत जाळून संपला. जाळताना चुना मिसळावा लागत असल्याने राखेचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले, आणि ती राखही सुरक्षित ठेवण्याची तजवीज करावी लागली. या ३३७ टनांत विषाची दाटी अधिक होती, हे मान्य; परंतु २०१० च्या अंदाजातल्या ११ लाख टन मातीशी त्याचे प्रमाण दहा हजारांत तीन एवढेच पडते. ती माती जागेवरच आहे.

देशात अशा जमिनींसाठी स्वतंत्र नियम झाले ते जुलै २०२५ मध्ये. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी आपल्या हद्दीतील संशयित दूषित जागांची माहिती कळवायची. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा त्यासाठी नेमलेल्या संस्थेने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि आवश्यक वाटल्यास पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. दोष सिद्ध झाल्यास ती जागा जाहीर करून तेथे जाण्यायेण्यावर निर्बंध घालायचे आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. भोपाळ असो की परभणी, या यादीच्या पहिल्या पायरीवर बोअर लागत नाही आणि प्रयोगशाळाही लागत नाही. बंद पडलेल्या कारखान्याचे ठिकाण, तेथे काय तयार होत असे त्याची हकीकत, कचरा कोठे टाकीत ते सांगणाऱ्याची जबानी आणि भोवतालच्या विहिरींची नोंद एवढ्या सामग्रीवर एखाद्या जागेचा संशय नोंदवता येतो. आणि ही सामग्री, जुना कामगार हयात आहे आणि दप्तर वाळवीने खाल्लेले नाही तोवर, तलाठ्याच्या चावडीत बसूनही जमवता येते.